दिवसाला दिवस

३ जानेवारी २०१६, रविवार

टाईल्सच्या दुकानदारानं नव्या वर्षाची डायरी दिली. तनुजा म्हणली, ह्याच्यात बिलं लिहीत जा. बिलांना वही हाय. ह्याच्यात मी मनातलं लिहिणार आणि तिनं वाचायचं नाय. असं म्हणलं तर हसली. तुमच्या मनातलं वाचायला मला डायरी कशाला लागती, म्हणली. बायको मिळाली ती अशी.

आज लिहिण्यासारखं घडलं हाय. बीड बायपासच्या तात्यासाहेब बिल्डरनं अख्ख्या बिल्डिंगच्या फरशीचं गुत्तं मला दिलं. आजवर एखादा बंगला, एखादा फ्लॅट, असंच करत आलो. अख्खी बिल्डिंग पहिल्यांदा. अट एकच, पाडव्याला लोकांच्या हातात चाव्या. तोवर फरशी झाली नाय तर बिलातून कापणार. मी हो म्हणून मोकळा झालो. बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि बोटांवर माणसं मोजली. माझ्याकडं दोन मिस्त्री, तीन बिगारी. एवढ्या माणसांत हे होत नाय.

६ जानेवारी

पुंडलिकला चहाला बोलावलं. पुंडलिक माझ्या गावचा, लासूर स्टेशनच्या पुढचा. आमची रानं बांधाला बांध. दोघं एकाच एस.टी.नं औरंगाबादला आलो, एकाच उस्तादाच्या हाताखाली फरशी शिकलो. नंतर तो वेगळा गुत्तेदार झाला, मी वेगळा. त्याची स्वतःची कटर मशीन, स्वतःची माणसं. मी त्याच्या गिऱ्हाइकाकडं बघितलं नाय, त्यानं माझ्या. ह्या शहरात मला 'आप्पा' म्हणणारा तो एकटा. बाकी सगळ्यांना मी मिस्त्री नायतर शेठ.

पडेगावला त्याचं काम चालू होतं ते बंद पडलं. बोअर आटला आणि मालक टँकर घ्यायला तयार नाय. यंदा सगळीकडं हेच. पाणी असंल तिथं बांधकाम, नसंल तिथं नुसते खांब उभे. तात्यासाहेबांचे स्वतःचे टँकर हायेत, म्हणून आपलं नशीब.

मी विचारलं, पाडव्यापर्यंत येतो का माझ्याकडं?

"येतो की," तो म्हणला.

पुढचं त्यानं विचारायचं का मी सांगायचं, तेच कळंना. चहा पार गार झाला. शेवटी तो म्हणला, बघ तू, आणि उठला.

८ जानेवारी

त्याला द्यायचं काय, ह्यानं डोकं उठलंय. हजेरी द्यावी तर तो गुत्तेदार. संध्याकाळी बिगाऱ्यांच्या ओळीत त्याला उभा करून हातावर नोटा ठेवायच्या? माझ्या बापानं वरून बघितलं तर थुंकंल. फुटाचा भाव द्यावा तर फरशी खालून पोकळ निघाल्यावर कापणार माझ्या बिलातून, त्याच्या नाय. अर्धी भागी द्यावी तर गुत्तं आणलं कुणी? तात्यासाहेबांच्या हापिसात दोन महिने खेटे कुणी घातले?

तनुजाला विचारलं. ती म्हणली, त्यांनाच विचारा ना सरळ, किती पाहिजे. असं कुठं विचारत असतात का. दोस्ताला भाव विचारला की दोस्ती भाजीच्या गाडीवर गेली.

९ जानेवारी

सापडलं. सावड.

गावाकडं हेच तर चालायचं. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस, पैशाचं नाव नाय. माझे वडील आण्णा आणि पुंडलिकचा बाप जन्मभर सावडीनं पेरत आले. एकदा आण्णांना ताप होता, पांघरूण घेऊन पडले होते, तरी उठून पुंडलिकच्या बापाच्या पेरणीला गेले. सावड ठेवून मरू नये म्हणायचे.

पुंडलिकच्या खोलीवर गेलो, मुकुंदवाडीला. म्हणलं, आपल्यात पैसा नको, सावड करू. आत्ता तू माझ्याकडं ये. तुझं काम निघालं की मी माझी माणसं घेऊन तुझ्याकडं. जेवढे दिवस तेवढे दिवस.

तो बसल्या जागी नखानं खाटेचा रंग खरवडत राहिला. त्याची बायको, भामा वहिनी, दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

"सावड का," तो म्हणला. "बरं."

किती हलकं वाटलं. त्याचा मान राहिला, माझाही राहिला. घरी सांगितलं तर तनुजा म्हणली, "अहो, सावड दोन्हीकडं पेरणी असंल तर व्हती. भावजींकडं काम कुठाय?" येईल की काम, एवढं मोठं शहर वाढतंय. तिला पुरुषांच्या दोस्तीतलं काय कळतंय.

१२ जानेवारी

पुंडलिक आला. एकटाच, मशीन घेऊन. म्हणलं, तुझे दोघं मिस्त्री कुठायत? म्हणला, सावडीत त्यांना मी काय देणार, दुसरीकडं लावून दिले. बरं झालं. उगाच त्यांच्या हिशेबाचा घोळ झाला असता.

२८ जानेवारी

काम असं पळतंय की बघत राहावं. मी आणि तो एका खोलीत बसलो की तोंडानं बोलायची गरज पडत नाय. मी हात पुढं केला की त्यात थापी येती. त्यानं मान तिरकी केली की मला कळतं, कोपऱ्यात फरशी सुतभर उचललीय. दुपारी उस्तादाची नक्कल केली त्यानं, "अबे गधों, फर्श है या पहाड है," आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. वीस वर्षांत असा हसलो नव्हतो. देवाशप्पथ, ह्या महिन्यात मी सुखात हाय.

तात्यासाहेब चक्कर मारायला आले. विचारलं, मिस्त्री, हा नवा कोण?

"आपलाच माणूस हाय साहेब," मी म्हणलं.

पुंडलिक फरशी ठोकत होता. त्यानं वर बघितलं नाय.

११ फेब्रुवारी

पुंडलिक लई देवभोळा झालाय. आधी सोमवार धरायचा, आता गुरुवार आणि शनिवार पण. जेवायच्या सुट्टीत पाणी पिऊन जिन्यात पडून राहतो. मी म्हणलं, अर्धी भाकरी घे. नको म्हणला, उपास मोडतो. पायी पण चालत येतो आजकाल, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणतो. चालणं तब्येतीला चांगलंच.

आपल्या गॅरेजवाल्यानं एवढे दिवस लावले असते तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

१७ फेब्रुवारी

नळाला पाच दिवसांनी पाणी आलं, तेही बोटाएवढं. घरात सगळे ड्रम मांडून बसलो. तनुजा माळ्यावरून काहीतरी काढत होती. मी बघितलं तर ज्वारीची एक गोणी गायब. म्हणली, किडली होती, दिली एकाला. कुणाला ते सांगितलं नाय. मी पण जास्त विचारलं नाय, आधीच पाण्यावरून डोकं तापलं होतं.

छोटा हत्ती टेंपो बघून आलो, जुना, पण इंजन चांगलं. फरशीची ने-आण करायला दुसऱ्याच्या टेंपोला किती दिवस पैसे घालायचे? तात्यासाहेबांनी पहिली उचल दिली त्यातून बयाणा दिला.

२२ फेब्रुवारी

पुंडलिकला काम आलं. सिडकोत एका डॉक्टरचा बंगला, खालचा मजला. त्यांच्या बोअरला पाणी हाय. पण घरात लग्न, म्हणून आठवड्याच्या आत करून पाहिजे. तो सकाळी माझ्याजवळ आला. कपडे जरा नीट घातलेले होते. म्हणला, आप्पा, चार दिवस तू ये आणि तुझे दोघं मिस्त्री दे. सावडीतले.

आता मी काय करावं? इकडं इंजिनिअरनं काठीनं ठोकून ठोकून दुसऱ्या मजल्यावरच्या फरश्या पोकळ काढल्या, त्या उपसायच्यात. जिना राहिलाय. चार दिवस गेले तर पाडवा हुकतो. मी म्हणलं, पुंडलिक, हा आठवडा नको. पुढच्या आठवड्यात सगळे येतो, पाहिजे तर दोन दिवस जास्त.

"त्यांना ह्याच आठवड्यात पाहिजे," तो म्हणला.

"जरा बोलून बघ. डॉक्टर माणूस हाय, ऐकंल."

तो "बरं" म्हणून दुसऱ्या मजल्यावर गेला आणि माझ्या पोकळ फरश्या उपसायला लागला.

आज आण्णा सारखे डोळ्यांपुढं येतायत, ते पांघरूण बाजूला टाकून उठताना. पण आण्णांना बिल्डर नव्हता. त्यांच्या बिलातून कुणी कापत नव्हतं.

१ मार्च

डॉक्टरचं काम राजस्थानवाल्यांनी केलं. मी पुंडलिकला म्हणलं, तुझे सगळे दिवस माझ्या ध्यानात हायेत बरं का, एकही बुडवणार नाय. तो म्हणला, मला माहिती हाय.

काम तसं छोटंच होतं. एका बंगल्यानं कुणी मोठा होत नाय.

७ मार्च, महाशिवरात्र

वेरूळला जाऊन आलो, घृष्णेश्वराला. नव्यानं घेतलेल्या छोट्या हत्तीतून पहिला प्रवास, पुढं हार घातला होता. ऊन असं की डांबर चिकटत होतं. पडेगावच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. बायांच्या डोक्यावर खडीची घमेली. त्यातली एक भामा वहिनींसारखी दिसली. तनुजा म्हणली, सारखी नाय, वहिनीच हायेत, गाडी थांबवा.

मी थांबवली नाय. थांबवली असती तर त्यांनाच ओशाळं वाटलं असतं. तनुजा देवळात पण माझ्याशी बोलली नाय. येताना म्हणली, भावजींना पैसे द्या. मी म्हणलं, आता मधेच पैसे दिले तर त्याचा अर्थ काय होईल? इतके दिवस तू माझा मजूर होतास, असाच ना? काम संपू दे, मग बघू.

तिनं खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणलं, तुमचा अर्थ तुमच्यापाशी ठेवा.

१९ मार्च

पुंडलिकची मशीन महिनाभर दुरुस्तीला हाय असं तो सांगत होता, माझ्याच मशीनवर काम करत होता. आज दुकानात फरशीच्या सांध्यात भरायचं ग्राऊट घ्यायला गेलो तर एका राजस्थानी मिस्त्रीच्या हातात ती मशीन. मी ओळखली, मुठीवर मीच लाल चिकटपट्टी गुंडाळली होती मागं. विचारलं तर म्हणला, एका मराठी मिस्त्रीकडून घेतली, गरजेत होता बिचारा.

मला लई राग आला. विकायचीच होती तर मला सांगायचं, मी घेतली असती. दोन पैसे जास्त दिले असते. माझ्यापासून लपवायचं काय कारण?

साईटवर येऊन मी त्याला काही बोललो नाय. तो जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या बसवत होता. मनगटं बारीक झालीत त्याची. घड्याळ पण दिसलं नाय.

८ एप्रिल, गुढीपाडवा

झालं बाबा एकदाचं. काल संध्याकाळी शेवटची फरशी पुसली, आज पूजा. गच्चीवर गुढी उभी केली. तात्यासाहेबांनी मला पुढं बोलावून शाल-श्रीफळ दिलं. म्हणले, आप्पासाहेब मिस्त्रीनं शब्द पाळला. टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुंडलिक मागं लिफ्टपाशी उभा होता. त्याला पुढं बोलवायचं माझ्या मनात होतं, पण तेवढ्यात फोटोवाल्यानं फोटो काढला आणि लोक पांगले. खाली येऊन बघतो तर तो निघून गेलेला. पेढा पण घेतला नव्हता.

२० एप्रिल

बिल निघालं. पोकळ फरश्यांचं कापलंच, तरी हातात बरं आलं. त्यातून टेंपोचे राहिलेले पैसे गेले, दुकानदाराची उधारी गेली.

आज तनुजा समोर बसली. म्हणली, आता बोला. मी म्हणलं, काय द्यायचं तेच तर कळत नाय पहिल्यापासून. ती म्हणली, "सोपं हाय. भावजींच्या जागी मजूर नाक्यावरचा मिस्त्री आणला असता तर त्याला जेवढं दिलं असतं, त्याच्या खाली जायचं नाय. आणि तुम्ही भावजींच्या जागी असता तर जेवढं मागितलं असतं, त्याच्या वर जायचं नाय. मधलं द्या."

एवढं सोपं होतं. जानेवारीत का नाय सुचलं, असं मी म्हणलं. ती म्हणली, जानेवारीत तुम्ही मला पुरुषांची दोस्ती शिकवत होता.

मधलं काढलं. रक्कम मोठी आली. बँकेत तेवढी नव्हती, तिनं तिची पाटली काढून दिली. मी नको म्हणलं नाय.

२२ एप्रिल

मुकुंदवाडीला गेलो. गल्लीत टँकर आला होता, बाया-पोरं पाइप धरून भांडत होती. पुंडलिक दारातच बसला होता. दाढी वाढलेली. खोलीतली खाट दिसली नाय, सतरंजी होती. पाकीट त्याच्या पुढं ठेवलं. म्हणलं, हे तुझं. कामाचं. मी नीट हिशेब करून आणलंय, उपकार नाय.

त्यानं पाकिटाला हात लावला नाय.

"आपली सावड ठरलीय, आप्पा."

"अरे सोड ती सावड. चुकलं माझं."

"तूच म्हणलास, आपल्यात पैसा नको. मी बरं म्हणलं. आता मी पैसा घेतला तर इतके दिवस मी काय होतो तुझ्याकडं?"

हेच मी तनुजाला म्हणलो होतो, टेंपोत.

"मग काय करू मी?"

"मला काम लागलं की ये. जेवढे दिवस तेवढे दिवस."

"तुझ्याकडं काम..." एवढं बोलून मी थांबलो. त्याच्याकडं मशीन नव्हती, माणसं नव्हती, गाडी नव्हती. गिऱ्हाईक त्याला काय बघून काम देणार? ते सगळं माझ्या बिल्डिंगमधे गेलं होतं. त्याला काम लागणार नाय, हे मला आणि त्याला दोघांनाही माहिती होतं. आणि तो माझ्याकडं बघून शांतपणे म्हणत होता, काम लागलं की ये.

भामा वहिनी बाहेर आल्या. पाकिटाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, घागर उचलून टँकरकडं गेल्या. मी पाकीट उचलून परत आलो.

२५ एप्रिल

तनुजा भामा वहिनींकडं गुपचूप जाऊन आली. वहिनींनी पैसे घेतले नायत. नवऱ्यानं शपथ घातलीय म्हणल्या. ज्वारी पण आता पाठवू नका म्हणल्या. तेव्हा मला कळलं ती किडकी गोणी कुठं गेली होती.

तनुजा स्वयंपाकघरात पाठ करून रडत होती. मी बाहेर ड्रममधलं पाणी उगाच ह्या ड्रममधून त्या ड्रममधे करत बसलो. पाडव्याची ती शाल कपाटात दिसली की कपाट लावून घेतो. माझी लाज वाटती मला. लिहून ठेवतो, पण लिहून काय होणार हाय.

१२ मे

चिकलठाण्याकडं नवं गुत्तं लागलं, एका गोडाऊनचं. माझा एक मिस्त्री गावी गेलाय, त्याची जनावरं चारा छावणीत हायेत. म्हणून सकाळी टेंपो घेऊन मुकुंदवाडीच्या नाक्यावर गेलो. लोक ह्यावेळी लई. पैठणकडचे, जालन्याकडचे, शेतं सोडून आलेले. टेंपो थांबला की सगळे धावत येतात. मिस्त्री पाहिजे म्हणलं तर बिगारी पण मिस्त्री म्हणून चढायला लागले.

मागं एक माणूस धावला नाय. पिशवीत थापी, तिची मूठ बाहेर आलेली. पुंडलिक.

मी खाली उतरलो. म्हणलं, पुंडलिक, चल, पुढं बस माझ्याजवळ.

"मिस्त्रीची हजेरी काय देता?" त्यानं विचारलं.

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. आजूबाजूचे ऐकत होते. मी म्हणलं, सहाशे.

"चालतंय," म्हणला आणि मागं चढून बसला, दोन पोरांच्या मधे, पिशवी मांडीवर घेऊन.

दिवसभर तो दुसऱ्या मिस्त्रीबरोबर काम करत होता. काम तसंच, चोख. मी दोनदा जवळ जाऊन बसलो. हात पुढं केला. त्यानं थापी दिली, पण आधी विचारलं, कोणती देऊ?

त्यानं डबा आणला होता. कांदा आणि भाकरी. आज गुरुवार, पण उपास नव्हता.

संध्याकाळी सगळे ओळीत उभे राहिले. तो शेवटून दुसरा. त्याच्या हातावर मी पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या आणि घाईनं पुढच्याकडं वळलो. त्यानं मला थांबवलं. खिशातून शंभराच्या चार नोटा काढून माझ्या हातात दिल्या. मोजून आणल्यासारख्या तयार होत्या.

"सगळ्यांना जेवढी तेवढीच," तो म्हणला. मग पिशवी खांद्याला लावली. "उद्या येऊ का, शेठ?"

मी ये म्हणलं. आठ वाजता नाक्यावर गाडी येईल म्हणलं.

घरी आलो तर तनुजानं विचारलं, भावजी कुठं दिसले का? म्हणलं, दिसले. कामावर होते. तिला बरं वाटलं. म्हणली, मग पैशाचं काही बोलले का?

म्हणलं, हजेरी दिली. चोख. काही बाकी नाय.